ब्राउझरमधील मोफत व्हीपीएन आणि ब्रिटनमधील वयपडताळणी : एका आईच्या प्रश्नाला उत्तर

ब्रिटनमध्ये स्लाउ येथे राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातील आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या १४ वर्षांच्या मुलाने संगणकावर ऑपेरा ब्राउझर उतरवून घेतला, त्यातील मोफत व्हीपीएन (आपला पत्ता लपवून दुसऱ्या सर्व्हरमार्फत इंटरनेटवर नेणारी सोय) चालू केले, आणि एरवी वयाचा पुरावा मागणारी संकेतस्थळे त्यानंतर काहीही न विचारता उघडू लागली. मुलाने कायदा मोडला आहे का, असे मोफत व्हीपीएन सुरक्षित असते का, आणि प्रत्येक संकेतस्थळाला पासपोर्ट किंवा चेहरा दाखवणे स्वतःला व यजमानांना नको वाटत असल्याने आपणही तीच सोय वापरावी का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

संस्थांच्या आणि शाळांच्या नेटवर्कची सुरक्षा सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो. मुलाने कायदा मोडलेला नाही. ऑपेरातील सोय घातक नाही, पण ती करते त्यापेक्षा बरेच अधिक करत असल्याचा समज पसरलेला आहे. आपण दोघांनी ती वापरावी की नाही, हे आपला विश्वास कोणावर अधिक आहे यावर ठरते. कारण व्हीपीएन घेतल्याने पाहणारा डोळा नाहीसा होत नाही, केवळ तो डोळा कोणाचा हे बदलते. मुलाच्या बाबतीत मात्र नेटवर्कच्या पातळीवर फारसे काही साधणार नाही, तेथे संगणकाकडेच वळावे लागेल.

प्रथम कायदा पाहू. पोर्न संकेतस्थळांवर वयाची तपासणी सक्तीची करण्याचा ब्रिटनचा हा दुसरा प्रयत्न आहे. २०१७ च्या डिजिटल इकॉनॉमी कायद्यात तशी तरतूद होती, परंतु ती वारंवार लांबणीवर पडत गेली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये सरकारने ती सोडून दिली. त्यानंतर २०२३ चा ऑनलाइन सेफ्टी कायदा आला आणि त्यातील मुलांच्या संरक्षणाविषयीची कर्तव्ये २५ जुलै २०२५ पासून लागू झाली. ‘मी १८ वर्षांचा आहे’ अशा चौकटीवर खूण करणे आता पुरेसे धरले जात नाही. ऑफकॉम या नियामक संस्थेच्या मते तपासणी ‘अत्यंत परिणामकारक’ असली पाहिजे, आणि चेहऱ्यावरून वयाचा अंदाज, छायाचित्र असलेले ओळखपत्र, क्रेडिट कार्ड, बँकेकडून खात्री, मोबाइल कंपनीकडून खात्री, ई-मेल पत्त्याच्या वापरावरून वयाचा अंदाज आणि डिजिटल ओळख सेवा हे मार्ग तिने त्यासाठी ग्राह्य मानले आहेत. कर्तव्य न पाळणाऱ्या कंपनीला १ कोटी ८० लाख पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेथपर्यंत दंड होऊ शकतो.

येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की ही सर्व कर्तव्ये सेवा चालवणाऱ्यांवर आहेत. वापरणाऱ्याने, मग तो सज्ञान असो वा अल्पवयीन, व्हीपीएन वापरणे हा या कायद्याखाली गुन्हा नाही. व्हीपीएनचा संबंध येतो तो एवढाच की वयाची तपासणी चुकवण्यासाठी व्हीपीएन वापरा असे मुलांना सुचवणारा मजकूर संकेतस्थळांनी स्वतः टाकू नये आणि इतरांनाही टाकू देऊ नये, अशी ऑफकॉमची अपेक्षा आहे. तेव्हा पोलीस किंवा शाळा या कारणासाठी दारात येतील, ही काळजी सोडून द्यावी. शाळेच्या संगणकावर व्हीपीएन चालवले तर शाळेचा नियम मोडतो आणि शिक्षा होऊ शकते, पण तो मामला वेगळा.

आता मुलाच्या संगणकावर नेमके काय घडले ते सांगतो. एखाद्या संकेतस्थळाला आपण कोठून आलो आहोत हे सर्वांत आधी आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून, कळते. हे पत्ते जगातील पाच प्रादेशिक संस्थांमार्फत गठ्ठ्यांनी वाटले जातात आणि कोणता गठ्ठा कोणत्या कंपनीकडे, कोणत्या देशात वापरात आहे याच्या याद्या व्यापारी संस्था तयार करून विकतात. संकेतस्थळ ती यादी पाहते. पत्ता ब्रिटनमधील असेल तर वयाचे दार पुढे येते, नसेल तर येत नाही. ब्रिटनचा कायदा ब्रिटनमधील वापरकर्त्यांपुरताच असल्याने आपल्या सर्व जगभरच्या ग्राहकांपुढे दार उभे करायला कोणतीही कंपनी तयार नसते. म्हणजे पडताळणीची पद्धत कितीही काटेकोर असली, तरी ती करायची की नाही हा निर्णय आयपी पत्त्यासारख्या, सहज बदलता येणाऱ्या गोष्टीवर टेकलेला असतो. २५ जुलैनंतर ब्रिटनमधील ॲप स्टोअरच्या यादीत व्हीपीएन ॲप वर चढली आणि व्हीपीएन पुरवणाऱ्या प्रोटॉन कंपनीने आपल्याकडील नोंदणीचा वेग १,४०० टक्क्यांहून अधिक वाढल्याचे सांगितले, त्यात मला तरी आश्चर्य वाटले नाही.

ऑपेराची ही सोय त्या लाटेपेक्षा बरीच जुनी आहे. ऑपेराने २०१५ मध्ये सर्फईझी ही कॅनडातील व्हीपीएन कंपनी घेतली आणि २०१६ मध्ये ब्राउझरमध्येच मोफत व्हीपीएन दिले. त्याच वर्षी चिनी गुंतवणूकदारांच्या गटाने ऑपेराचा ब्राउझर व्यवसाय विकत घेतला. कंपनीचे मुख्यालय ओस्लोतच राहिले आणि २०१८ मध्ये तिचे समभाग नॅस्डॅकवर आले. तांत्रिक दृष्ट्या ही सोय म्हणजे एक एन्क्रिप्टेड प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझरची मागणी सांकेतिक रूपात घेऊन पुढे पोहोचवणारा मध्यस्थ सर्व्हर आहे, हे तज्ज्ञांनी २०१६ मध्येच दाखवून दिले होते. संपूर्ण संगणकाची रहदारी एका बोगद्यातून नेणारे जे व्हीपीएन आमच्यासारखे लोक कार्यालयांसाठी उभारतात, त्याचे काम याहून व्यापक असते. ऑपेरातील व्हीपीएन केवळ ऑपेराच्या खिडकीत उघडलेल्या पानांपुरते चालते. त्याच संगणकावरील क्रोम, डिस्कॉर्ड या गप्पांच्या सेवेचे स्वतंत्र ॲप, खेळ, व्हॉट्सॲप हे सारे पूर्वीप्रमाणेच स्लाउमधील घरच्या पत्त्यावरून जात राहतात. मोफत वापरात विशिष्ट देश निवडता येत नाही. युरोप, अमेरिका किंवा आशिया असा ढोबळ प्रदेश तेवढा निवडता येतो.

यातून कोणाला काय दिसते, हा सुरक्षिततेच्या प्रश्नाचा गाभा आहे. आज जवळजवळ सर्व संकेतस्थळे एचटीटीपीएस ही मजकूर सांकेतिक रूपात पाठवणारी पद्धत वापरतात, त्यामुळे मधल्या कोणालाही पानावरील मजकूर, पासवर्ड किंवा कार्डाचा क्रमांक वाचता येत नाही. मात्र आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो, किती वेळ राहिलो आणि किती माहिती उतरवली, हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला सर्वसाधारणपणे कळू शकते. व्हीपीएन चालू केले की त्या कंपनीला आपण ऑपेराच्या सर्व्हरशी बोलतो आहोत एवढेच कळते, आणि पूर्वी तिला जे दिसत होते ते आता ऑपेराला दिसू शकते. ऑपेरा म्हणते की आम्ही नोंदी ठेवत नाही. ते खोटे मानण्याचे कारण माझ्याजवळ नाही. कंपनीचे उत्पन्न प्रामुख्याने शोधसेवांशी केलेल्या करारांतून आणि जाहिरातींतून येते, आणि ग्राहक आपल्याच ब्राउझरमध्ये टिकून राहावा यासाठी व्हीपीएनचा खर्च सोसणे तिला परवडते. मोफत वस्तूचा खर्च कोठून निघतो हे ज्या सेवेच्या बाबतीत कळते, ती सेवा मी तुलनेने बरी मानतो.

ज्यांच्या बाबतीत ते कळत नाही, त्यांची उदाहरणे वाईट आहेत. होला नावाचे मोफत व्हीपीएन कोट्यवधी लोक वापरत होते, आणि २०१५ मध्ये उघड झाले की त्या ग्राहकांच्याच इंटरनेट जोडण्या दुसऱ्या कंपनीमार्फत पैसे देणाऱ्यांना विकल्या जात होत्या; म्हणजे आपल्या घरच्या पत्त्यावरून कोणी परका माणूस काहीही करू शकत होता आणि त्याचा माग काढणारा आपल्याच दारात आला असता. फेसबुकने २०१३ मध्ये घेतलेले ओनाव्हो हे ‘संरक्षणासाठी’ म्हणून दिलेले मोफत व्हीपीएन प्रत्यक्षात लोक कोणती ॲप किती वापरतात याची माहिती गोळा करत होते, आणि ॲपलच्या आक्षेपानंतर २०१८ मध्ये ते ॲप स्टोअरमधून काढावे लागले. ही दोन नावे जुनी झाली, पण ब्राउझरच्या विस्तारांच्या (त्याला जोडायच्या छोट्या प्रोग्रामांच्या) दुकानात ‘फ्री व्हीपीएन’ असे शोधल्यावर आजही जी रांग दिसते तिच्यामागे कोण आहे हे पाहायला कोणी जात नाही. विस्ताराला ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची व बदलण्याची’ परवानगी दिली, की एचटीटीपीएसचे वर सांगितलेले संरक्षणही त्याच्यापुरते संपते, कारण तो ब्राउझरच्या आत बसून, मजकूर उलगडल्यानंतर तो पाहतो. आपल्या मुलाने ऑपेराऐवजी असा एखादा अनोळखी विस्तार घेतला असता, तर मी हे उत्तर बऱ्याच कठोर शब्दांत लिहिले असते. त्याच्या ब्राउझरांत असे काही बसवलेले नाही ना, हे आजच पाहून घ्यावे.

सर्व अंगभूत व्हीपीएन वयाचे दार चुकवतात असेही नाही, आणि हे फारसे कोणी सांगत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमधील सोय क्लाउडफ्लेअर या नेटवर्क कंपनीच्या जाळ्यावर चालते, तिला मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करावा लागतो आणि महिन्याला ५ जीबीची मर्यादा असते. पण ती आपल्याला आपल्याच प्रदेशातील दुसरा पत्ता देते. ब्रिटनमध्ये बसून ती चालू केली तरी संकेतस्थळाला माणूस ब्रिटनमधलाच दिसतो. ॲपलची प्रायव्हेट रिले ही मोफत नसून आयक्लाउडच्या सशुल्क योजनेत येते, आणि तीही देश बदलत नाही. तिची रचना मात्र मला सर्वांत आवडते: पहिला टप्पा ॲपलचा, त्याला आपण कोण हे कळते पण कोठे चाललो हे कळत नाही, दुसरा टप्पा दुसऱ्या कंपनीचा, त्याला कोठे हे कळते पण कोण हे कळत नाही. विवाल्डी या ब्राउझरने मार्च २०२५ पासून प्रोटॉनचे व्हीपीएन ब्राउझरमध्ये जोडून दिले आहे, आणि मोझिलानेही २०२५ च्या अखेरीस फायरफॉक्समध्ये मोफत व्हीपीएनची चाचणी घेण्यास सुरुवात केली. ब्रेव्हमधील व्हीपीएन सशुल्क आहे. यांपैकी कोणते चालू केल्यावर काय घडेल हे त्या सोयीची रचना करणाऱ्याने प्रदेश कायम ठेवला आहे की नाही, एवढ्यावरून ठरते. गोपनीयतेसाठी देश बदलण्याची गरज मुळीच नसते; देश बदलून देणे ही वेगळी, चित्रपट आणि सामने पाहणाऱ्यांसाठी लोकप्रिय झालेली सोय आहे.

तिच्याविषयी एक आगाऊपणा करतो. परदेशातील अनेक मराठी घरांत भारतातील मालिका किंवा क्रिकेटचे सामने पाहण्यासाठी व्हीपीएन आधीच बसवलेले असते, आणि ते बसवणारे बहुधा वडील असतात. आपल्या घरी तसे असेल, तर मुलाने नवे असे काहीच शोधून काढलेले नाही. त्याला रागे भरण्यापूर्वी ही बाब यजमानांशी बोलून घ्यावी.

ब्रिटनबाहेरचा पत्ता घेऊनही हा रस्ता दिवसेंदिवस अरुंद होत चालला आहे. अमेरिकेत लुइझियाना राज्याने १ जानेवारी २०२३ पासून पोर्न संकेतस्थळांना वयपडताळणी लावली, त्यानंतर अनेक राज्यांनी तसे कायदे केले, आणि टेक्सासचा कायदा वैध असल्याचा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०२५ रोजी ६ विरुद्ध ३ अशा मतांनी दिला. काही राज्यांत मोठ्या संकेतस्थळांनी तपासणी करण्याऐवजी तेथील लोकांसाठी दारेच बंद केली. फ्रान्समध्येही जून २०२५ मध्ये पोर्नहबच्या मालक कंपनीने तसेच केले. ऑपेरात ‘अमेरिका’ किंवा ‘युरोप’ निवडल्यावर बाहेर पडण्याचे टोक यांपैकी एखाद्या ठिकाणी असेल, तर ब्रिटनमधील दार चुकवून पुढच्याच दारावर थडकण्याची पाळी येते.

त्याहून मोठी अडचण खात्यांची आहे. पत्त्यावरून ओळख पटवणारी संकेतस्थळे चुकवता येतात, पण ज्या सेवेत आपले खाते आहे तिच्याजवळ पत्त्याशिवाय बरेच काही असते: नोंदणीच्या वेळी दिलेली जन्मतारीख, मोबाइल क्रमांकाचा देश, ॲप स्टोअरचा देश, गेल्या दोन वर्षांत रोज कोठून प्रवेश झाला याचा इतिहास, मित्रमंडळींची वये. हे सारे सोडून एका संध्याकाळी कोणी अचानक दुसऱ्या खंडातून आला, तर ते सेवेच्या नजरेत भरते. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास जी बंदी लागू केली, तिच्यात कंपन्यांनी अशा अनेक खुणा एकत्र करून पाहाव्यात आणि व्हीपीएनने पळवाट काढणाऱ्यांनाही शोधण्याचा वाजवी प्रयत्न करावा, अशीच अपेक्षा आहे. कसूर झाल्यास दंड ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जातो. सिडनी किंवा मेलबर्नमधील नातेवाइकांच्या मुलांना ‘ऑपेरा घे म्हणजे झाले’ असा सल्ला आपल्या मुलाने दिला असेल, तर तो तेथे फारसा चालणार नाही.

आता आपल्या दोघांच्या प्रश्नाकडे येतो. ओळखपत्र देण्याविषयीची आपली भीती अनाठायी नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्डने जाहीर केले की ग्राहकसेवा पाहणाऱ्या बाहेरच्या कंपनीमार्फत माहितीची गळती झाली आणि तिच्यात सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रे उघड झालेली असू शकतात. यातील बोचणारी बाब अशी की ती बव्हंशी वयाविषयीच्या तक्रारी सोडवण्यासाठी लोकांनी पाठवलेली छायाचित्रे होती. पडताळणीची मुख्य यंत्रणा कितीही नीट बांधली, तरी ‘यंत्राने माझे वय चुकीचे धरले’ असे म्हणणाऱ्याचे ओळखपत्र शेवटी कोणा माणसाच्या टपालपेटीत येऊन पडते, आणि तेथे ते किती दिवस राहते याकडे कोणाचे लक्ष नसते.

म्हणून पासपोर्ट देण्याचा मार्ग मी अगदी शेवटचा मानतो. ब्रिटनमध्ये क्रेडिट कार्ड १८ वर्षांखालील व्यक्तीला मिळत नाही, त्यामुळे आपल्याजवळ कार्ड असेल तर त्यावर वय सिद्ध होते आणि नवी अशी माहिती कोणाला द्यावी लागत नाही. मात्र कार्ड कोणत्या पानावर टाकतो आहोत, ते पान खरोखर पडताळणी करणाऱ्या ओळखीच्या कंपनीचे आहे का, हे पाहावे, कारण बनावट पाने बनवणाऱ्यांना हा काळ सोन्यासारखा आहे. मोबाइल कंपनीकडून खात्री करून घेण्याचा मार्गही चांगला आहे. ब्रिटनमधील मोबाइल कंपन्या प्रौढांसाठीचा मजकूर मुळातच अडवून ठेवतात आणि ग्राहकाने वय सिद्ध केल्यावर तो मोकळा करतात. तो अडथळा आपल्या क्रमांकावरून काढलेला आहे की नाही एवढेच उत्तर पडताळणी करणाऱ्याला मिळते. चेहऱ्यावरून अंदाज घेणाऱ्या यंत्रणा १७ आणि १९ यांत चुकतात, चाळिशीच्या माणसाच्या बाबतीत तो प्रश्न येत नाही. अंदाज झाल्यावर प्रतिमा पुसून टाकतो असे लंडनच्या योटीसारख्या कंपन्या सांगतात. ते वचन आहे, आणि त्यावर विसंबायचे की नाही हे आपण ठरवायचे. पण चेहऱ्याच्या छायाचित्राबरोबर नाव, पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख जात नाही, एवढा फरक मी मोठा समजतो. युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये ज्या ॲपचा आराखडा पुढे आणला, त्यात संकेतस्थळाला ‘ही व्यक्ती १८ वर्षांवरील आहे’ एवढेच कळावे आणि पुरावा देणाऱ्याला ती व्यक्ती कोठे चालली हे कळू नये अशी रचना आहे. असे सर्वत्र झाले तर माझा अर्धा आक्षेप मिटेल. ब्रिटनने मात्र हे काम बाजारातील कंपन्यांवर सोपवले आहे.

याच्या तुलनेत ऑपेराचे व्हीपीएन आपण वापरले, तर आपली ओळख कोणाला द्यावी लागत नाही, पण त्या खिडकीत पाहिलेल्या सर्व संकेतस्थळांची नावे एका कंपनीला दिसू शकतात. वर्षातून दोनदा एखादे पान पाहण्यासाठी वयाचा पुरावा द्यायचा नसेल, तर तेवढ्यापुरता हा सौदा वाईट नाही. रोजच्या वापरासाठी मात्र मी एकदा क्रेडिट कार्डाने किंवा मोबाइल क्रमांकाने पडताळणी करून मोकळे होण्याचा सल्ला देईन. व्हीपीएन हवेच असेल, तर पैसे देऊन घेतलेले, स्वतंत्र तपासणीचे अहवाल प्रसिद्ध करणारे घ्यावे. मोफतच हवे असेल, तर पैसे देणाऱ्या ग्राहकांच्या जोरावर मोफत सेवा चालवणाऱ्या प्रोटॉनसारख्या कंपनीचे घ्यावे. आणि भारतातील बँकेच्या एनआरई किंवा एनआरओ या अनिवासी भारतीयांच्या खात्यात प्रवेश करताना व्हीपीएन बंद ठेवावे. अनोळखी देशातून, व्हीपीएनसाठी ओळखल्या जाणाऱ्या पत्त्यावरून झालेला प्रवेश बँकेच्या यंत्रणेला संशयास्पद वाटतो, आणि अडकलेले खाते लंडनच्या वेळेत बसून सोडवणे किती कठीण असते हे आपल्याला सांगायला नको.

मुलाविषयी सांगण्यासारखे आणखी आहे. वयाचे दार चुकले, याहूनही एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते: व्हीपीएन चालू असताना घरच्या इंटरनेट कंपनीने दिलेला कौटुंबिक फिल्टरही निकामी होतो. ब्रिटनमधील मोठ्या कंपन्या असे फिल्टर मोफत देतात आणि अनेक पालक ते चालू करून निश्चिंत होतात. मुलगा कोठे जातो आहे हे दिसले तरच फिल्टर त्याला अडवू शकतो, आणि प्रॉक्सीमुळे तेच दिसेनासे होते. म्हणून राउटरवर आणखी नियम रचत बसू नये. जे करायचे ते संगणकावर करावे.

ऑपेरा विंडोजवर प्रशासकाचा पासवर्ड नसतानाही, त्या वापरकर्त्यापुरता बसवता येतो. तेव्हा ‘मुलाला ॲडमिन अधिकार दिलेले नाहीत’ एवढ्यावर समाधान मानता येत नाही, पण ते काढून घेणे ही पहिली पायरी आहेच. दुसरी पायरी मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टीची. तिच्यातील संकेतस्थळांचे फिल्टर केवळ एजमध्ये चालते, आणि नेमक्या त्याच कारणाने ते चालू केल्यावर इतर प्रचलित ब्राउझर अडवले जातात. ही मर्यादा आपल्या दृष्टीने सोयीचीच आहे. अँड्रॉइड फोनसाठी फॅमिली लिंक आणि आयफोनसाठी स्क्रीन टाइम वापरून नवे ॲप घेण्यापूर्वी पालकांची संमती सक्तीची करावी. एवढे केल्यावर १४ वर्षांचा सामान्य मुलगा अडतो. ज्याला खरोखर रस आहे तो पेन ड्राइव्हवरून काहीतरी चालवील किंवा मित्राचा फोन वापरील, आणि त्याच्यासाठी माझ्याजवळ तांत्रिक उपाय नाही.

त्याने हे कशासाठी केले, हेही विचारावे, आणि उत्तर ठरवून न ठेवता विचारावे. ब्रिटनमध्ये वयाचे दार केवळ पोर्नवर लागलेले नाही. रेडिट या चर्चामंचावरील अनेक चर्चा, ब्लूस्काय या समाजमाध्यमावरील थेट संदेश, डिस्कॉर्डवरील काही भाग यांच्यापुढेही ते आले, आणि रेडिटवर तर आरोग्याविषयीचे किंवा बातम्यांतील छायाचित्रांचे काही धागेही त्यात अडकल्याच्या तक्रारी झाल्या. मुलाला एखाद्या खेळाविषयीची चर्चा वाचायची असू शकते, किंवा आपल्याला विचारायला संकोच वाटतो अशा शरीराच्या एखाद्या गोष्टीविषयी. तसे असेल तर बटण बंद करून त्याची गरज मिटणार नाही, ती दुसरीकडे कोठेतरी भागवली जाईल.

पुढे कायदा बदलू शकतो. इंग्लंडच्या बाल आयुक्त रेचल डिसूझा यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये व्हीपीएनलाच वयाची अट लावण्याची मागणी केली, आणि जानेवारी २०२६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने १८ वर्षांखालील मुलांना व्हीपीएन देण्यास मनाई करणाऱ्या दुरुस्तीच्या बाजूने मत दिले. एका सभागृहाचे मत म्हणजे कायदा नव्हे. तसा नियम झालाच तर पहिली अडचण नेमकी अंगभूत व्हीपीएनची येईल, कारण ऑपेरातील सोय वापरायला खातेच लागत नाही; ब्राउझर उघडणाऱ्या प्रत्येकाचे वय तपासायचे की ब्रिटनमध्ये ती सोय काढून टाकायची, एवढेच पर्याय कंपनीपुढे उरतील. कंपनी दुसरा निवडील असे मला वाटते. व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्यांना पत्ते आणि बिले असतात म्हणून नियम लावता येतील, पण भाड्याने सर्व्हर घेऊन स्वतःचे व्हीपीएन उभारायला एका हुशार शाळकरी मुलाला एक दुपार पुरते.

शेवटी सुट्टीत भारतात येण्याविषयी, कारण हा प्रश्न पुढे येणारच आहे. पुण्यात किंवा नाशिकला आजीच्या वायफायवरून ब्रिटनचे वयाचे दार दिसणार नाही, व्हीपीएन नसले तरीही, कारण पत्ता भारतातील असेल. भारतात पोर्न संकेतस्थळांसाठी वयपडताळणीची अशी पद्धत नाही. सरकारी व न्यायालयीन आदेशांनी काही संकेतस्थळे इंटरनेट कंपन्यांकरवी सरसकट अडवली जातात आणि बाकीची उघडी राहतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सक्तीची आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि हा भाग त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायचा आहे. व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते व इतर तपशील ५ वर्षे जपून ठेवावेत असा सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे, आणि त्यामुळे काही मोठ्या कंपन्यांनी भारतातील सर्व्हर हलवले. भारतात व्हीपीएन वापरणे त्याने बेकायदा झालेले नाही. राउटरवरील फिल्टर आजीच्या घरी नसेल. संगणकावर आणि फोनवर लावलेल्या अटी मात्र मुलाबरोबर प्रवास करतील, आणि त्या निघण्यापूर्वी एकदा दुसऱ्या वायफायवर तपासून पाहाव्यात.